फ्रँचायझी नको, तालीम हवी

१८ नोव्हेंबर २०२५ ला ढाक्यात भारत बांगलादेशकडून १-० असा हरला. फुटबॉलमध्ये. त्याच्या महिनाभर आधी मडगावला, म्हणजे आपल्याच घरात, सिंगापूरकडून २-१ हरून आपण २०२७ च्या एशियन कपमधून बाहेर पडलो होतो. त्याआधी जूनमध्ये हाँगकाँग. आणि कतारमध्ये जानेवारी २०२४ ला झालेल्या एशियन कपचा हिशोब तर अगदी सुटसुटीत आहे: तीन सामने, तीन पराभव, गोल शून्य.

हे वाचून तुम्हाला धक्का वगैरे बसला नसेल. धक्का बसायला आधी काहीतरी अपेक्षा असावी लागते. ढाक्याच्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये फुटबॉलवरच गप्पा चालल्या होत्या, पण त्या आर्सेनलच्या कॉर्नर किक्सवर. भारताचा सामना झाला हेच निम्म्या टेबलाला माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्यातल्या एकानं ते ठरलेलं वाक्य टाकलंच, "एकशे चाळीस कोटींत अकरा जण सापडत नाहीत रे?"

मला या वाक्याचा मनापासून वैताग आहे. अकरा जण "सापडत" नसतात, खाणीतून हिरे सापडावेत तसे. ते तयार व्हावे लागतात, आणि त्यासाठी एकशे चाळीस कोटी हा आकडा काही कामाचा नाही. कामाचा आकडा वेगळाच आहे: आठ ते अठरा वयाची किती मुलं-मुली दर आठवड्याला, वर्षातले आठ-नऊ महिने, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली खरा सामना खेळतात? भागाकार करायचाच तर खाली हा आकडा घ्या.

२०२६ च्या वर्ल्ड कपला कुरासाव पात्र ठरलं. लोकसंख्या साधारण दीड लाख, म्हणजे पुण्याच्या एखाद-दोन उपनगरांएवढी. आता कोणी म्हणेल की त्यांचे बहुतेक खेळाडू नेदरलँड्समध्ये जन्मले, तिथेच वाढले. बरोबर आहे, आणि माझा मुद्दा त्यातच आहे. ते वाढले डच वस्त्यांमधल्या हौशी क्लबांमध्ये, जिथे शनिवारी सकाळी कोणाचा तरी बाबा शिट्टी घेऊन उभा असतो आणि कोणाची तरी आई क्लबच्या कँटीनमध्ये कॉफी विकत असते. पगार न घेता. आइसलँडची गोष्ट याआधी बऱ्याच जणांनी वाचली असेल. साडेतीन लाखांच्या आसपास लोकसंख्या, २०१६ च्या युरोमध्ये इंग्लंडला २-१ हरवलं, २०१८ ला वर्ल्ड कप खेळले. तिथे नगरपालिकांनी थंडीत खेळता यावं म्हणून बंदिस्त मैदानं बांधली आणि ती गावातल्या क्लबांच्या हातात दिली. क्लबांनी तिथे पाच-सहा वर्षांच्या पोरांनासुद्धा प्रशिक्षित कोच ठेवले. बाकी त्या टाळ्या आणि "व्हायकिंग" आरोळी हे सगळं नंतरचं.

आता आपण काय केलं ते बघा.

आपण २०१४ ला आयएसएल आणली. म्हणजे वरचा मजला आधी बांधला. फटाके, सिनेमातले मालक, निवृत्तीला आलेले युरोपातले मोठे खेळाडू, प्राइम टाइम. विचार सरळ होता: क्रिकेटला आयपीएल लागू पडली, फुटबॉललाही पडेल. पण आयपीएल २००८ ला आली तेव्हा तिच्या खाली काय काय होतं? नुसती मुंबई घ्या. १९४८ पासून ऐन पावसाळ्यात चिखलात खेळली जाणारी कांगा लीग, ऑफिसांच्या संघांची टाइम्स शील्ड, आझाद मैदानावर आणि शिवाजी पार्कात खेटून मारलेले तंबू, प्रत्येक तंबूत एक खडूस कोच. त्याच्यावर रणजीचा मजला. म्हणजे आयपीएल हे बांधून तयार असलेल्या इमारतीवर टाकलेलं छप्पर होतं. फुटबॉलमध्ये आपण चार बांबू रोवले आणि त्यावर तेच छप्पर टाकलं. छप्पर चांगलं होतं हो, त्याला मी नावं ठेवत नाही. टीव्हीवर दिसणाऱ्या फुटबॉलचा दर्जा सुधारला, मैदानं सुधारली, खेळाडूंना पैसे मिळाले. पण सतरा-अठरा वर्षांचा मुलगा तिथे पोचण्याआधी दहा वर्षं कुठे खेळणार, हा प्रश्न होता तिथेच राहिला.

पुणेकरांना तर हे वेगळं सांगायलाच नको. आपल्या शहराइतकं मोठं फुटबॉल क्लबांचं स्मशान देशात दुसरं असेल असं वाटत नाही. पुणे एफसी २००७ ला सुरू झाला, २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला, मामुर्डीला अकादमी काढली आणि २०१५ नंतर मालकांनी गाशा गुंडाळला. भारत एफसी २०१४-१५ चा एक हंगाम खेळला आणि संपला. डीएसके शिवाजीयन्स त्यानंतर आला आणि आय-लीगचे दोन हंगाम खेळून गेला. आणि एफसी पुणे सिटी, आयएसएलमधला आपला संघ, २०१९ मध्ये बंद झाला.

या शेवटच्याचं मला थोडं जास्त लागलं होतं, कारण कॉलेजच्या वर्षांत आम्ही बालेवाडीला जायचो. दोन गाड्यांवर सहा जण (आरटीओवाले वाचत नसावेत), नारिंगी टीशर्ट, आणि परत येताना घशाचं वाटोळं. संघ काही फार भारी नव्हता, पण आपला होता. निदान आम्ही तसं धरून चाललो होतो. मग एका उन्हाळ्यात बातमी आली की मालक आर्थिक अडचणीत आहेत, संघ बंद आणि त्याची जागा हैदराबादला. ती जागा घेतलेला हैदराबाद एफसी २०२१-२२ मध्ये आयएसएलचा विजेता झाला. आणि गंमत पुढेच आहे: २०२५ मध्ये तोही मालक बदलून उठून दिल्लीला गेला, आता त्याचं नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली. पुणे, हैदराबाद, दिल्ली. आम्ही ऑफिसात सर्व्हर एका डेटा सेंटरमधून दुसरीकडे हलवतो तेव्हासुद्धा यापेक्षा जास्त लोकांची सही घेतो.

मालकांना शिव्या घालण्यात मला रस नाही. तोट्यातला धंदा माणूस बंद करणारच. मुंबईचा महिंद्रा युनायटेड २०१० ला बंद झाला, फगवाड्याचा जेसीटी, म्हणजे नॅशनल फुटबॉल लीगचा पहिला विजेता, २०११ ला, मुंबई एफसी २०१७ ला. प्रत्येक वेळी कारण थोडंफार तेच. माझा प्रश्न एवढाच आहे की दर वेळी एका बोर्डरूममध्ये चार जणांनी ठरवलं आणि क्लब संपला, हे शक्य का होतं? कारण बाकी कोणाचाच त्यावर कसलाही हक्क नव्हता. आमचा टीशर्ट आमचा होता, क्लब नव्हता.

२०२५ मध्ये तर वरचा मजलाच हलला. एआयएफएफनं २०१० मध्ये आपले व्यापारी हक्क पंधरा वर्षांच्या करारानं देऊन टाकले होते. तो करार संपत आला, नवा होईना, प्रकरण सुप्रीम कोर्टात, आणि जुलैमध्ये आयएसएलचा हंगाम बेमुदत थांबला. काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले, काहींनी सराव. शेवटी काटछाट केलेला हंगाम फेब्रुवारी २०२६ मध्ये कसाबसा सुरू झाला. एक करार संपला तर देशाचं अव्वल फुटबॉल सहा महिने बंद पडतं! आमच्या भाषेत याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात आणि फ्रेशरलासुद्धा हे करू नको म्हणून पहिल्या महिन्यात सांगतात.

याच्या उलट उदाहरण म्हणून सगळे जर्मनीचं नाव घेतात. मी जपानचं घेईन, कारण जपान एके काळी अगदी आपल्यासारखा होता. तिथली १९६५ पासूनची लीग ही कंपन्यांच्या संघांची लीग होती: मित्सुबिशी, निस्सान, फुरुकावा, यानमार. आपल्याकडे मुंबईत मफतलाल, टाटा, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, आरसीएफ असे संघ कूपरेजवर खेळायचे ना, तसंच. खेळाडू म्हणजे कंपनीचा नोकर, प्रेक्षक म्हणजे मुख्यतः सहकारी. १९९३ मध्ये दहा क्लबांची जे-लीग सुरू झाली तेव्हा त्यांनी एक विलक्षण अट घातली. क्लबच्या नावातून कंपनीचं नाव काढा आणि गावाचं घाला. मित्सुबिशीचा झाला उरावा रेड्स, निस्सानचा योकोहामा मारिनोस, सुमितोमो मेटल्सचा काशिमा अँटलर्स. काशिमा म्हणजे कारखाने असलेलं छोटंसं गाव. योमिउरी या बड्या वृत्तपत्रसमूहानं यावर बराच थयथयाट केला, कारण पैसे आम्ही घालायचे आणि नाव गावाचं का? लीग बधली नाही. प्रत्येक क्लबला लहान वयोगटांचे संघ ठेवणं बंधनकारक केलं, आणि १९९६ मध्ये शंभर वर्षांची योजना जाहीर केली. शंभर वर्षांची! आपल्याकडे पंचवार्षिक म्हटलं तरी लोक हसतात.

लगेच सगळं आलबेल झालं असं नाही. १९९८ मध्ये योकोहामा फ्ल्युगेल्सचे पुरस्कर्ते पैशाअभावी मागे हटले आणि तो क्लब शेजारच्या मारिनोसमध्ये विलीन करायचं ठरलं. म्हणजे आपल्या पुणे सिटीसारखीच वेळ. पण तिथल्या चाहत्यांनी वर्गणी काढून, सभासद होऊन स्वतःचा क्लब काढला, योकोहामा एफसी, आणि तळापासून सुरू करून तो वरच्या लीगपर्यंत नेला. आपण काय केलं? फेसबुकवर डीपी काळा केला. (आम्ही तरी काय वेगळं करू शकत होतो म्हणा. तळापासून सुरू करायला खाली शिडी तर हवी.)

जे-लीगमध्ये आता तीन स्तरांत मिळून साठ क्लब आहेत. १९९८ च्या आधी जपान एकदाही वर्ल्ड कप खेळला नव्हता आणि १९९८ नंतर एकही चुकलेला नाही. २०२२ मध्ये त्यांनी स्पेनला हरवलं तो गोल आठवा: मितोमानं रेषेवरून, अगदी शेवटच्या मिलिमीटरवरून चेंडू आत वळवला आणि तनाकानं तो ढकलला. सगळ्या जगानं त्या मिलिमीटरची चर्चा केली. मला त्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. मितोमा आणि तनाका दोघंही कावासाकी शहरातल्या सागिनुमा नावाच्या एकाच भागात वाढले आणि लहानपणी तिथल्या एकाच क्लबात खेळले. स्पेनविरुद्धचा तो गोल एका गल्लीनं केला होता, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे जपानमध्ये ठीक आहे, तिथे लोक स्टेडियमसुद्धा झाडून जातात. आपल्याकडे कोण करणार असले क्लब?

तर मंडळी, कोल्हापूरला जा.

माझा इंजिनिअरिंगचा रूममेट कोल्हापूरचा. पहिल्या वर्षी तो जेव्हा म्हणाला की "आमच्याकडं फुटबॉल म्हणजे धर्म हाय", तेव्हा मी त्याला हसलो होतो, कारण पुण्याबाहेरचा प्रत्येक जण आपल्या गावाबद्दल काहीतरी असं म्हणतच असतो. मग एकदा त्यानं शाहू स्टेडियमवर नेलं. पाटाकडील तालीम विरुद्ध दुसरी एक तालीम. भर उन्हात भरलेल्या पायऱ्या, ढोल, झेंडे, पेठांवरून शिव्या, आणि शेजारी बसलेले सत्तरीचे एक आजोबा बचावफळी कशी "येडपटागत" उभी आहे हे मला समजावून सांगत होते. ते बरोबर सांगत होते, पाच मिनिटांनी तिथूनच गोल झाला. बालेवाडीवर मी एवढा जीव टांगणीला लागलेला प्रेक्षक कधी पाहिला नव्हता, आणि इथे तर सामना जिल्ह्याच्या लीगचा होता.

नावंच बघा ना: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, फुलेवाडी. शाहू महाराजांच्या काळापासून कुस्तीसाठी प्रसिद्ध असलेल्या गावात तालीम म्हणजे पेठेची सामाईक जागा. तिथेच गणपती, तिथेच व्यायाम, तिथेच भांडणं मिटवायची, आणि त्याच तालमीचा फुटबॉल संघ. हा संघ कोणी हैदराबादला हलवू शकेल का? प्रश्नच मूर्खपणाचा वाटतो. पेठ उचलून नेल्याशिवाय तालीम नेता येत नाही. स्पॉन्सर आला, गेला, संघ मार खाऊन खालच्या गटात गेला, तरी पुढच्या वर्षी पोरं उतरणारच. जपाननं जे नियम करून, कंपन्यांशी भांडून, तीस वर्षं खपून उभं केलं, ते आपल्याकडे एका जिल्ह्याच्या गावात आपोआप उभं आहे. आणि आपल्या राष्ट्रीय फुटबॉलच्या रचनेत त्याला जागा किती? जवळजवळ शून्य.

२०१७ मध्ये सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप भारतात झाला तेव्हा भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. पण त्याला घडण्यासाठी लहान वयातच कोल्हापूर सोडून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत यावं लागलं. त्याच संघात एकवीसपैकी आठ जण एकट्या मणिपूरचे होते. तीस लाखांच्या आसपासच्या राज्यातून आठ! ईशान्येकडच्यांमध्ये "मुळातच स्टॅमिना असतो" असलं काहीतरी आपण म्हणतो आणि विषय संपवतो. मणिपूरमध्ये वस्तीला लैकाई म्हणतात आणि लैकाईला आपापला क्लब असतो, हे त्यामागचं साधं कारण आपण बघत नाही. मिझोरमचंही तेच. ऐझॉल एफसी २०१६ मध्ये आय-लीगमधून खाली गेला होता, गोव्याच्या संघांनी माघार घेतल्यामुळे रिकाम्या झालेल्या जागेत परत आला, आणि २०१६-१७ ला चक्क विजेता झाला. त्यांचे कोच खालिद जमील आज भारताचे कोच आहेत. पण विजेता होऊनही ऐझॉलला आयएसएलमध्ये जागा नव्हती, कारण तेव्हा ते दार गुणांनी उघडत नव्हतं, फ्रँचायझी फीनं उघडत होतं. आणि ज्यांनी माघार घेतली ते कोण होते? साळगावकर, स्पोर्टिंग, धेंपो. गोव्यात गावोगावी चर्चच्या मैदानावर फुटबॉल चालतं, त्या मातीतून वर आलेल्या परंपरेतले हे क्लब. २०१६ मध्ये नव्या रचनेच्या प्रस्तावात आपल्याला खालच्या मजल्यावर ढकलणार असं दिसल्यावर ते बाहेर पडले. ज्यांच्या पायावर इमारत उभी करायची त्यांनाच आपण बाहेर काढलं.

बरं, मला कोल्हापूरची आरतीही ओवाळायची नाहीये. तिथले घोळ माझा रूममेटच मला जास्त सांगायचा. मैदानावर हुल्लडबाजी होते, दगडफेक होते, पोलीस येतात, सामने बंद पडतात. मध्यंतरी चुरशीपायी नायजेरियन खेळाडू पैसे देऊन आणायची शर्यत लागली होती, म्हणजे पेठेतल्या पोराला बसवून बाहेरचा खेळवायचा. इनामांच्या स्पर्धांवर नेत्यांचे फोटो खेळाडूंपेक्षा मोठे. मुलींना या सगळ्यात जागा फारच कमी. आणि मुख्य म्हणजे मोठ्यांच्या संघावर जेवढा जीव, त्याच्या दशांशानेही दहा वर्षांच्या मुलांच्या रोजच्या सरावावर नाही. म्हणजे माती उत्तम आहे, नांगरट नाही.

यावर लगेच येणारा आक्षेप मला पाठ आहे. सभासदांचा क्लब म्हणजे राजकारण आलं, निवडणूक आली, गट आले. अहो, आलंच! आपण सहकारी साखर कारखान्यांच्या राज्यात राहतो. दूध संघाची निवडणूक विधानसभेसारखी लढवणाऱ्या जिल्ह्याला क्लबचं राजकारण शिकवायला नको. आणि ज्यानं एकदा तरी हाउसिंग सोसायटीची एजीएम पार्किंगच्या विषयावर रात्री बारापर्यंत बसून बघितली आहे त्यालाही नको. पण त्याच सहकारातून कारखाने उभे राहिले, दूध गोळा झालं, बँका चालल्या. काही बुडाल्या, हेही खरं. सभासदांच्या संस्थेत वाईट कारभाऱ्याला पाडायची निदान सोय असते. एफसी पुणे सिटी बंद होताना आम्हाला एक मतसुद्धा नव्हतं.

आणि संघटन आपल्याला येत नाही हे तर कोणी सांगूच नये. कुठल्याही पेठेतलं गणपती मंडळ वर्गणी गोळा करतं, मांडव घालतं, परवानग्या काढतं, पन्नास कार्यकर्ते रात्रभर राबवतं आणि हिशोबाचा कागद भिंतीवर लावतं (काही मंडळं तरी लावतात :)). फक्त ते सगळं दहा दिवसांत संपतं. क्लब म्हणजे हेच काम बाराही महिने, एवढाच फरक.

नक्की काय बदलावं म्हणता? माझ्या मते सगळ्यात आधी स्पर्धा बदला. आपल्याकडे जिल्हा पातळीवर फुटबॉल म्हणजे बहुतेक वेळा "अमुक चषक", बाद पद्धत. सोळा संघांची बाद स्पर्धा घेतली की एकूण पंधरा सामने होतात आणि आठ संघ पहिल्याच दिवशी घरी जातात. वर्षभर सराव करून एक सामना! तेच सोळा संघ एकेरी लीगमध्ये खेळले तर सामने होतात एकशे वीस, प्रत्येकाला पंधरा. शिकायला मिळतं ते पंधरा सामन्यांत. सगळ्यात कमकुवत संघालाही, किंबहुना त्यालाच जास्त. बाद स्पर्धेत कोच मोठ्या अंगाच्या पोराला पुढे उभं करतो आणि चेंडू उंच मारायला सांगतो, कारण उद्या नाही. लीगमध्ये हरायची सोय असते, म्हणून शिकवायचीही सोय असते. ही लीग दहा, बारा, चौदा वर्षांच्या गटांपासून आणि मुलींसाठी वेगळी, असं पाहिजे. २०१७ मध्ये वर्ल्ड कपच्या निमित्तानं महाराष्ट्रात एका दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळायचा उपक्रम झाला होता. छान फोटो आले. त्यापेक्षा दहा हजार मुलं तीस रविवार खेळली असती तर मी जास्त नाचलो असतो.

दुसरी गोष्ट, मैदान. इथे खरी लढाई आहे. शहराच्या विकास आराखड्यात क्रीडांगणाची आरक्षणं असतात. त्यातल्या काहींवर झोपडपट्टी, काहींवर लग्नाचे मांडव, काहींवर कुलूप. आणि आपण आयटीवाले बाणेर-वाकडला जाळ्या लावलेल्या टर्फवर ताशी हजार-बाराशे देऊन पाच-पाच जण खेळतो. कामगार वस्तीतल्या मुलानं काय करायचं? महापालिकेनं अशी आरक्षित मैदानं स्थानिक क्लबांना दहा-पंधरा वर्षांच्या करारानं द्यावीत, नाममात्र भाड्यानं, पण कडक अटींवर: मुलींचा संघ हवा, तीन लहान वयोगट हवेत, सकाळचे ठरावीक तास सगळ्यांना खुले हवेत, हिशोब जाहीर हवा. अट मोडली की मैदान परत. मोठं स्टेडियम बांधायची गरज नाही. पाण्याची टाकी, कुंपण, दोन दिवे आणि खोलीभर जागा एवढं पुरतं.

पैशाचं म्हणाल तर हिशोब करून बघा. एका उपनगरात तीनशे सभासद, महिना दोनशे रुपये. झाले साठ हजार, वर्षाचे सात लाख वीस हजार. यात दोन अर्धवेळ कोचचं मानधन, चेंडू, पंचांची फी आणि टेम्पोचं भाडं निघावं. दोनशे रुपये म्हणजे आपली एक कॉफी. आणि ज्या घराला ते परवडत नाहीत त्यांच्या मुलाची वर्गणी बाकीच्यांनी भरायची, क्लब त्यासाठीच तर असतो. शिवाय एक नियम फारसा कोणाला माहीत नसतो. खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात बदली झाली की ट्रान्सफर फीचे पाच टक्के त्याला बारा ते तेवीस या वयात ज्या ज्या क्लबांनी घडवलं त्यांना वाटून मिळतात, असा फिफाचा नियम आहे. पण त्यासाठी क्लब रीतसर नोंदलेला हवा आणि मुलाची प्रत्येक वर्षाची नोंद हवी. आपल्या तालमींनी आणि वस्तीच्या क्लबांनी ही कागदपत्रं ठेवावीत यासाठी जिल्हा संघटनेनं एक माणूस दिला तरी काम होईल. देशातल्या देशातही असा वाटा सक्तीनं मिळाला तर तालमीला नायजेरियन आणण्यापेक्षा पेठेतलं पोर घडवणं परवडायला लागेल.

आणि वर जायची शिडी मोकळी पाहिजे. २०२३ पासून आय-लीगचा विजेता आयएसएलमध्ये जाऊ लागला हे चांगलं झालं, पण २०२४-२५ पर्यंत आयएसएलमधून कोणी खाली गेलेलं नाही. वरच्याला पडायची भीती नाही आणि तळातल्याला तर शिडीच दिसत नाही. जिल्हा, राज्य, मग देश, अशी प्रत्येक पायरी खेळून चढता आली पाहिजे. तालीम जिल्हा जिंकली तर पुढच्या वर्षी तिला राज्याच्या लीगमध्ये जागा मिळालीच पाहिजे, कोणाच्या ओळखीशिवाय.

आर्सेन वेंगर २०२३ मध्ये भारतात आले आणि फिफाच्या मदतीनं भुवनेश्वरला अकादमी सुरू झाली. चांगलंच आहे. पण अकादमी म्हणजे आयआयटी. तिथे मोजकी मुलं जातात आणि ती आधी कुठल्यातरी शाळेत शिकलेली असतात. आपण शाळा न काढता आयआयटी काढतोय आणि प्रवेशाला पोरं का येत नाहीत म्हणून एकशे चाळीस कोटींच्या नावानं बोटं मोडतोय.

आमच्या टर्फवरच्या ग्रुपात गेले दोन महिने हे सगळं मी इतक्यांदा बोललोय की आता मी तोंड उघडलं की लोक बूट घालायला लागतात. पण एक झालं. अठ्ठावीस जणांनी महिन्याला दोनशे द्यायचं कबूल केलंय. जवळच्या वस्तीतली वीसेक मुलं, त्यात सहा मुली, रविवारी सकाळी सात वाजता येतात. कोच म्हणून एक निवृत्त पीटी सर मिळालेत, जे आम्हालाही ओरडतात. संस्था म्हणून नोंदणीची कागदपत्रं तयार आहेत, घटनेचा मसुदा लिहिताना "सभासदाचा मताधिकार" या कलमावरून पहिलं भांडणही रीतसर झालं. मैदानाचा अर्ज क्षेत्रीय कार्यालयात दिलाय. साहेब रजेवर आहेत, सोमवारी परत जायचंय.